नव्या हत्तीचं इंजिन आणि माझं बोट

सन २००६. माझं वय तेव्हा सत्तावन्न. शाळेच्या दाखल्यावर पंचावन्न आहे, पण तो आकडा मास्तरनं अंदाजानं टाकलेला. मी माय सांगायची तेच धरतो. कळमनुरीत नांदेड रोडला माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज होतं. त्या साली एका नव्या गाडीपायी माझा उजवा हात राहतो का जातो, अशी पाळी आली. लोकांना मी तेव्हा वेगळंच कारण सांगितलं होतं. खरं कारण कळमनुरीत अजूनही फार थोड्यांना ठाऊक आहे. आता दिवाळी अंकवाल्यांनी चार खेपा माणूस धाडला, "मिस्त्री, धंद्यातलं काही लिहून द्या" म्हणून. मी चौथी शिकलेला. म्हणलं, लिहीन तसं छापा, आणि लिहीन तर खरंच लिहीन.

गाडीचं नाव लिहीत न्हाई. चूक गाडीची नव्हती, आणि कंपनीला उगीच बोल लावणाऱ्यातला मी न्हाई. आमी तिला हत्ती म्हणायचो. उंच, रुंद, सात माणसं ऐसपैस बसतील अशी एसीवाली गाडी. आमचा हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला, हपिसं आली, रस्त्यांची कामं निघाली, आणि आजवर जीपवर फिरणारी माणसं हत्ती घेऊ लागली. ज्याच्या दारात हत्ती त्याला लग्नात पहिल्या रांगेत खुर्ची. दर दोन-तीन वर्षांनी कंपनी त्यात काहीतरी बदल करायची आणि नवं मॉडेल काढायची. मग इकडं भांडण सुरू.

ते भांडण माझ्या दारात चालायचं. गॅरेजपुढं लिंबाखाली मी भंगारातल्या एसटीचं एक लांब सीट टाकलं होतं. गाडीचं काम असो-नसो, गाडीवाले तिथं येऊन बसायचे. तिघं तर कायमचे. कदम ठेकेदार रस्त्यांची कामं करायचे. त्यांच्याकडं हत्तीचं जुनं मॉडेल. सारडा शेठची जिनिंग. त्यांच्याकडं दुसऱ्या कंपनीची गाडी, बुटकी, चकचकीत. तिला आमी मोर म्हणायचो. तिसरे डॉक्टर पतंगे. त्यांचा दवाखाना माझ्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर. त्यांनी त्याच साली हत्तीचं अगदी नवं मॉडेल घेतलं होतं.

कदम म्हणायचे, "डॉक्टर, तुमच्या नव्याचं बॉनेट दाबून बघितलं मी. पापडावानी दबतंय. दसऱ्याला माणसानं नारळ कुठं फोडावा?"

"नारळ जमिनीवर फोडतात, ठेकेदार. तुमच्या गाडीत बसून कुणी नांदेडला जाऊन आलं की माझ्याकडे कमरेचा एक पेशंट वाढतो. नव्यात मागं पाटे नाहीत, स्प्रिंगा आहेत. काच वर केली की बाहेरचा आवाज बंद."

"आवाज बंद म्हणजे मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून मेला तरी तुमाला पत्ता न्हाई."

शेठ दोघांनाही हसायचे. "आमच्या मोरात बसा एकदा. पोटातलं पाणी हलत नाही."

"पाणी हलत न्हाई, पण मागच्या सीटवर तुमच्या सासूबाई गुडघे हनुवटीला लावून बसतात, ते मी डोळ्यानं बघितलंय," कदम म्हणायचे. "अन् पावसाळ्यात जिनिंगच्या चिखलात तुमचा मोर पोटावर बसला, तवा ओढून कुणी काढला?"

"एक बार ओढला, चार साल सुनावून राहिले," शेठ म्हणायचे. "पुढच्या वेळी मी बैलजोडी बोलावणार. बैल बोलत तरी नाहीत."

असं तासभर चालायचं. नव्यात रिमोटची चावी आहे, पण ती हरवली तर गाडी दारात उभीच. मोराचं सुटं सामान हैदराबादहून येतं. जुन्या हत्तीत बायामाणसांना चढायला स्टूल लागतं. आणि शेवटी तिघंही माझ्याकडं बघायचे.

"मिस्त्री, तुमी बोला."

मग मी हात पुसत पुसत बोलायचो. खोटं कशाला सांगू, ते मला फार आवडायचं. चौथी शिकलेल्या माणसाच्या एका शब्दावर लोकांनी बुकिंग बदललेलं आहे. माझं म्हणणं एकच होतं. ज्या गाडीचं दुखणं कानाला ऐकू येतं ती गाडी चांगली. मी गॅरेजात वाकलेला असताना हिंगोलीकडून येणारी गाडी वळणावर असतानाच सांगायचो, कुणाची आहे आणि तिला काय झालंय. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आत व्हॉल्व्ह वाजतोय का बेरिंग, सगळं बराबर कळतं. डॉक्टर छातीला नळी लावतात तेच.

नवं मॉडेल मात्र आवाजच करत नव्हतं. डोंगरकडा गावच्या एका बागाईतदारानं ते घेतलं, आणि आठ दिवसांत तीनदा माझ्याकडं आला. म्हणे, गाडी बंद पडते. मी बघितलं तर गाडी चालूच. त्याला आवाज येईना म्हणून तो चालू गाडीला पुन्हा चावी मारायचा, आणि स्टार्टर दात खात किंचाळायचा. मी त्याला सांगितलं, "आरशाला हात लावून बघा, थरथरला तर चालू आहे." तो म्हणला, "एवढे पैसे देऊन आरसा चाचपायचा काय मी?" त्यावर सीटवरची माणसं दोन दिवस हसली. मी पण हसलो, पण आतून मला काळजी लागली होती. आवाज न्हाई तर माझ्या कानाचं काम काय.

बॉनेट उघडलं की इंजिन दिसायचं न्हाई. वरून काळ्या प्लास्टिकचं झाकण. नांदेडच्या कंपनीच्या वर्कशॉपात एक पोरगं लॅपटॉप घेऊन यायचं, एक वायर गाडीला खोचायचं आणि पडद्यावर वाचून सांगायचं. हाताला काळं लागत नव्हतं त्याच्या. मी एकदा मुद्दाम जाऊन बघून आलो. घरी येऊन जेवलो न्हाई त्या दिवशी. बायको म्हणली, "काय झालं?" म्हणलं, काही न्हाई.

आता बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. डिझेल इंजिनला चार पिस्टन असले तर पंपापासून चार बारीक लोखंडी पाइप निघतात. प्रत्येक पाइप एका पिस्टनला डिझेल पोचवतो. इंजिन लंगडायला लागलं की चारांतला कुठला पिस्टन काम करीत न्हाई ते शोधायचं असतं. त्याची आमची रीत अशी. इंजिन चालू ठेवायचं. एकेका पाइपाचा नट पान्यानं अर्धा वळसा ढिला करायचा. डिझेल तिथून गळायला लागतं, त्या पिस्टनला मिळत न्हाई. नट ढिला केल्यावर इंजिनाचा आवाज बदलला, तर तो पिस्टन चांगला. आवाज बदललाच न्हाई, तर चोर तोच. दोन मिनिटांचं काम. वर पाइपाला दोन बोटं लावून ठोका बघायचा, नाडी बघतात तसा.

याच रीतीनं माझं नाव झालं. ९४ साली एका नवरदेवाची गाडी डोंगरकड्याच्या अलीकडं लंगडायला लागली. मुहूर्त जवळ आलेला, वऱ्हाडी माझ्यावर ओरडून राहिलेले. मी चार नट ढिले करून बघितले, तिसरा पिस्टन गेलेला. त्याचं डिझेल तोडलं आणि तीन पिस्टनवर गाडी मांडवात नेऊन उभी केली. तेव्हा माझ्या हाताखाली उत्तम राठोड होता, शिरड शहापूरकडल्या तांड्यावरचा, चांगला मिशी फुटलेला गडी. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर माल वाहायचा, असं तो सांगायचा. त्या दिवशी त्यानं माझा हात बघून ती रीत उचलली. माझ्याकडं सहा वर्षं राहिला. पुढं त्यानं शिरड शहापूरला स्वतःचं गॅरेज टाकलं, आणि पाटीवर खाली बारीक अक्षरात माझं नाव लिहिलं. ती पाटी बघायला मी दोनदा एसटीनं गेलेलो आहे. काही काम नसताना.

तर २००६ च्या त्या दिवशी सकाळी डॉक्टर नवा हत्ती घेऊन आले. सीटवर दुसरं कुणी नव्हतं. गाडी लंगडत होती, आणि तेवढं तरी मला ऐकू येत होतं.

"नांदेडला न्यायला दिवस जातो," डॉक्टर म्हणले. "पेशंट बसलेत. पण मिस्त्री, कंपनीचं म्हणणं आहे बाहेरच्या माणसानं हात लावायचा नाही. गॅरंटी जाते."

"डॉक्टर, लोखंड ते लोखंड. चार पिस्टन आहेत ना? अन् चार पाइप?"

"तुम्हाला येत नसेल तर राहू द्या."

येत नसेल, हा शब्द त्यांनी वापरायला नको होता. वाईट हेतूनं बोलले न्हाईत ते. पण तो शब्द ऐकल्यावर मी राहू देणारा माणूस न्हाई. मी झाकण काढलं. पाइप होते, पण जाड, आखूड, आणि वेगळ्या ठेवणीचे. पाइपाजवळ पिवळा कागद चिकटवलेला, त्यावर इंग्रजीत काहीतरी आणि हाताचं चित्र. चित्र मी बघितलं. समजलं न्हाई असं म्हणणार न्हाई. समजून घेतलं न्हाई.

डॉक्टर मोबाइलवर बोलत लिंबाखाली गेले. इंजिन चालू होतं. मी डाव्या हातात पाना धरला, दुसऱ्या पाइपाच्या नटाला लावला, आणि उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं पहिलं बोट पाइपाला टेकवलं, ठोका बघायला. नट जरासा सरकला. डिझेल गळालं न्हाई. दिसलंच न्हाई काही. धूर उठल्यासारखं एक बारीक धुकं, सुईनं टोचल्यासारखं बोटाला झालं, आणि इंजिन बंद पडलं.

मी नट आवळला. बोट पुसलं. बोटाच्या पेरावर सुईच्या टोकाएवढा ठिपका, रक्ताचा एक थेंबसुद्धा न्हाई. दुखतही नव्हतं. मला बोटापेक्षा गाडीची भीती वाटली. पुन्हा चावी मारली तर चालू झाली, पण पुढं एक पिवळा दिवा लागला आणि गाडी रेस घेईना. कितीही पाय दाबा, बैलगाडीच्या वेगानं चाले.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नांदेडलाच दाखवा," मी म्हणलं. "वायरिंगचं काम आहे." वायरिंगचं म्हणलं की आमच्या धंद्यात अब्रू वाचते. डॉक्टर गाडी रांगवत दवाखान्यापर्यंत घेऊन गेले.

मी दुसऱ्या कामाला लागलो. तासाभरानं बोट जड वाटायला लागलं. दुपारी घरी जेवायला बसलो तर भाकरी मोडता येईना. बायको रुक्मिन समोर बसलेली.

"घास काहून मोडंना तुमाला? बघू इकडं हात."

बोट वांग्यासारखं फुगलेलं. पेर पांढरं पडलं होतं आणि त्याच्या खाली निळं. ती म्हणली, "इंचू चावला का काय?"

"इंजिनाच्या पंख्याचा पट्टा लागला."

"कवा?"

"सकाळी. तू भाकरी मोडून दे."

तिनं भाकरी मोडून दिली न्हाई. ताट सारलं आणि मला उठवून पतंगे डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. बाहेर तोच नवा हत्ती उभा. आत बाकावर आठ-दहा माणसं, त्यातली निम्मी माझी गिऱ्हाइकं. डॉक्टरांनी बोट बघितलं आणि विचारलं, "हे कशानं?"

इथं मी खरं सांगायला पाहिजे होतं. समोर डॉक्टर होते, बोट माझं होतं. पण सकाळीच ते म्हणले होते, येत नसेल तर राहू द्या. आणि दारात उभी असलेली बाकीची माणसं कान देऊन ऐकत होती. मी म्हणलं, "पंख्याच्या पट्ट्यात गेलं. जुन्या जीपच्या."

डॉक्टरांनी उलटसुलट बघितलं. "पट्ट्यानं सोलवटून निघायला हवं होतं. इथं तर काहीच नाही."

"आतून मार बसला असंल."

त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. म्हणले, "सुजेवर लक्ष ठेवा. वाढली तर लगेच या." मी घरी आलो आणि लगेच गेलो न्हाई. सूज वाढत होती ती मला दिसत होती. हात उशीवर ठेवला की आत कुणीतरी घण मारल्यासारखं व्हायचं. रुक्मिन दारात बसून राहिली. दर थोड्या वेळानं म्हणायची, "चला." मी म्हणायचो, "गोळीला येळ लागतो." मनात मात्र मी एकच बघत होतो. बोट हलतंय का. एकदा हललं. मग हलायचं बंद झालं. मग शेजारचं बोट हलेना. तळहात तापला आणि बोटाचं टोक मात्र गार पडलं, लोखंडावानी गार. तेव्हा मी घाबरलो. आयुष्यात गाड्या अंगावर आल्या, जॅक निसटला, पण असा घाबरलो नव्हतो. हा हात नसला तर मी कोण?

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी पुन्हा दवाखान्यात गेलो. रुक्मिनला म्हणलं, तू बाहेर थांब. आत गेलो, दार लोटून घेतलं.

"डॉक्टर, पट्ट्यात गेलं न्हाई. सकाळी तुमच्या गाडीचा नट ढिला केला होता. पाइपातून फवारा बसला."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. मला वाटलं गाडीवरून बोलतील. त्यांनी गाडीचं नावसुद्धा काढलं न्हाई.

"किती वाजता?"

"नऊ-साडेनऊ."

"अहो, या नव्या गाडीत पाइपात दाब प्रचंड असतो, ते डिझेल आत घुसलंय. इंजेक्शन दिल्यासारखं. बाहेर भोक दिसत नाही, आत मांस मरत चाललंय. दुपारी का नाही सांगितलं मला?"

त्यांनी नांदेडच्या एका सर्जनला फोन लावला. मधेच फोन बाजूला धरून म्हणले, "कापून साफ करावं लागेल. किती वाचतं ते तिथं गेल्यावर." मग बाहेर आले आणि स्वतःच्या गाडीकडं बघून तिथंच थांबले. नवा हत्ती बैलगाडीच्या वेगानं चालत होता, आणि तो तसा मीच केला होता.

शेठ मोर घेऊन परभणीला गेलेले. कदम ठेकेदारांना निरोप गेला, आणि ते जुना हत्ती घेऊन पाच मिनिटांत हजर. मी पुढं बसलो, डॉक्टर आणि रुक्मिन मागं. ज्या गाडीची मी सहा वर्षं तारीफ केली होती, तिच्यात दुखरा हात घेऊन मी पहिल्यांदाच बसलो होतो. मागचे पाटे कडक. रस्त्यावरचा एकेक खड्डा सीटमधून खांद्यात आणि खांद्यातून बोटात यायचा. मी दात आवळून बसलो. कदमांचा जीव माझ्यासाठी तुटत होता, पण त्यांचं तोंड थांबत नव्हतं.

"बघा मिस्त्री, वक्ताला कोण आलं? जुनं मॉडेलच आलं. डॉक्टर, तुमचा नवा कुठाय? दिवा लावून बसलाय दारात."

"ठेकेदार, जरा हळू," डॉक्टर म्हणले. "खड्डा बघा."

"हळू गेलो तर उशीर, जोरात गेलो तर खड्डा. बोला कसं करू."

डोंगरकडा मागं पडलं तेव्हा बाहेर अंधारत होतं. कदमांनी विचारलं, "पण मिस्त्री, तुमचा हात पंख्यात गेलाच कसा? तुमी तर डोळे झाकून पट्टा घालता."

डॉक्टर मागं होते. मला वाटलं आता बोलतील. ते बोलले न्हाईत. मी म्हणलं, "जातो एखाद्या वेळेस." रुक्मिननं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो नांदेड येईपर्यंत काढला न्हाई.

नांदेडला सर्जननं त्याच वेळी हात उघडला. दोन दिवसांनी पुन्हा उघडला. हात वाचला. पहिलं बोट वाचलं न्हाई, मुळापासून काढलं. मधलं बोट राहिलं, पण वाकत न्हाई. सर्जन भला माणूस होता. त्यानं विचारलं, "दुपारी का आणलं नाही? दुपारी आणलं असतं तर कदाचित बोट राहिलं असतं." मी पतंगे डॉक्टरांकडं बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. मला दुपारी परत पाठवल्याचं ओझं ते उगीच स्वतःवर घेऊन राहिले होते, हे मला दिसत होतं. तरी मी बोललो न्हाई.

बाराव्या दिवशी घरी आलो. पट्टी बांधलेला हात गळ्यात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅरेज उघडून नुसताच सीटवर जाऊन बसलो. हळूहळू सगळे जमले. कदम, शेठ, डॉक्टर. नव्या हत्तीचा दिवा नांदेडला लॅपटॉपवाल्यानं घालवला होता. आत एक नोझल खराब होतं. माझ्यासमोर भांडायला आधी कुणी धजेना, पण थोड्या वेळानं शेठ म्हणले, "ठेकेदार, तुमच्या गाडीनं मिस्त्रीला आणखी हलवला असता तर दुसरं बोट पण पडलं असतं," आणि मग पहिल्यासारखं सुरू झालं. मला बरं वाटलं.

तेवढ्यात मोटरसायकलवर उत्तम राठोड आला. कुणाकडून तरी ऐकून भेटायला आलेला. पाया पडला, हात बघितला, डोळ्यात पाणी आलं त्याच्या.

"उस्ताद, कसं झालं हे?"

सगळे बसलेले. मी म्हणलं, "पंख्याच्या पट्ट्यात."

"तुमचा हात अन् पट्ट्यात?" त्यानं मान हलवली. चहा प्याला, इकडचं तिकडचं बोलला. जाताना गाडीवर बसून म्हणला, "येतो उस्ताद. उद्या सकाळीच काम हाये. आमच्याकडं एकानं नवा हत्ती घेतलाय, एक पिस्टन मारत न्हाई. कंपनीत न्यायला तयार न्हाई तो. म्हणलं, आण. नट ढिले करून बघतो, तुमची रीत."

"शाबास," कदम म्हणले. "उस्तादाचं नाव राख."

मी म्हणलं, "उत्तम, ती गाडी कंपनीत धाड."

तो हसला. "उस्ताद, कंपनीला काय येतंय, हे तुमीच शिकवलंय की मला."

सगळे हसले. मी तोंड उघडलं. एक वाक्य सांगायचं होतं. डाव्या बाजूला कदम, उजव्या बाजूला शेठ, आणि कालपासून सगळं गाव मला पट्ट्याचंच विचारून राहिलेलं. मी तोंड मिटलं. उत्तमनं किक मारली आणि गेला.

बाकीचे उठून गेल्यावर डॉक्टर थांबले.

"मी सांगू शकत नाही, मिस्त्री. तुम्ही माझे पेशंट आहात," ते म्हणले. "पण दुपारी तुम्ही गप्प बसलात, त्यात किती वेळ गेला ते तुम्ही बघितलंय. त्याच्याकडं सकाळपर्यंत वेळ आहे."

उत्तमकडं फोन नव्हता. त्याच्या गॅरेजसमोर एसटीडीचं दुकान होतं, ते सांजेलाच बंद होतं आणि सकाळी नऊशिवाय उघडत न्हाई, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीनं हिंगोलीला गेलो. रुक्मिननं विचारलं, कुठं? म्हणलं, शिरडला, उत्तमकडं, खरं सांगायला. तिनं माझ्या अंगात सदरा घालून दिला. हिंगोलीत शिरडवरून जाणारी वसमतची गाडी लागलेली नव्हती. अर्धा तास मी स्टँडवर उभा, दर दोन मिनिटाला कंट्रोलरला विचारून राहिलो, शेवटी तो माझ्या हाताकडं बघून म्हणला, "बाबा, दवाखाना इकडं न्हाई." औंढ्याच्या पुढं गाडी प्रत्येक फाट्याला थांबायची आणि माझ्या बोटात ठोका पडायचा, नसलेल्या बोटात.

शिरड शहापूरला उतरलो तर गॅरेजपुढं नवा हत्ती उभा. झाकण काढून जमिनीवर ठेवलेलं. गाडीवाला आत चावीला हात लावून बसलेला. उत्तम पान्याच्या पेटीत वाकून पाना शोधत होता. पाटीवर माझं नाव तसंच होतं. शेजारच्या टपरीवर चार माणसं चहा पीत उभी.

"उस्ताद? इतक्या सकाळी?"

मी गाडीवाल्याला म्हणलं, "चावी काढा." त्यानं उत्तमकडं बघितलं. उत्तम म्हणला, "माझे उस्ताद आहेत, काढा." त्यानं चावी काढली. मग मी बॉनेटच्या कडेवर उजवा हात टेकवला आणि डाव्या हातानं पट्टी सोडायला लागलो. लांब होती, वेळ लागला. टपरीवरची माणसं जवळ आली. येऊ दिली.

"मोज," मी उत्तमला म्हणलं.

पान्याची पेटी उघडी टाकून तो माझ्या हाताकडं बघत राहिला.

"चार," तो म्हणला.

"पंख्यात गेलं न्हाई," मी म्हणलं, आणि त्या सगळ्यांसमोर पहिल्यापासून सांगायला लागलो.